अंड्याभोवतीचे दगड

सोलापूरहून मोहोळकडे जाताना रस्त्यापासून आत एक माळ लागतो. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे जंगलखात्याने तो राखीव जंगल म्हणून जाहीर केला. माळावरची झाडे मोजायला एका हाताची बोटे पुरत, आणि त्यांतल्या दोन बाभळी होत्या. जंगलात झाडे नाहीत हे जाहीर करणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते, असे नाही. ती यावीत म्हणूनच जंगल केले, असे उत्तर मिळे. कडेला फलक लागला : गवत व पक्षी यांच्या रक्षणासाठी गुराढोरांस, विशेषतः शेळ्यामेंढ्यांस, मनाई. फलक इंग्रजीत आणि मराठीत होता. मेंढ्यांना दोन्ही वाचता येत नव्हते. त्यांच्या धन्यांनाही.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. माझ्याकडे गिरण्या आणि नगरपालिका. कचेऱ्यांच्या बातम्या पाहणारा सहकारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला गेला म्हणून रेंजरच्या कचेरीतले प्रकरण माझ्या वाट्याला आले.

आरोपी एक म्हातारा धनगर होता. कळप दोन दिवस कोंडवाड्यात, आणि म्हातारा कोंडवाड्याच्या फाटकाशी. त्याच्यावर आरोप दोन : राखीव रानात मेंढरे घातली, हा पहिला. दगड मांडून सरकारी जमीन बळकावण्याचा प्रयत्न केला, हा दुसरा. पहिल्याची त्याला फिकीर नव्हती. दुसरा शाबीत झाला तर त्याच्या भावकीला माळ कायमचा बंद होणार होता.

"बाकीची रानं काय थोडी आहेत, बाबा?" मी विचारले.

"रानं लई हायती. पन समदी काळी," तो म्हणाला. "पावसाळ्यात काळ्या रानात चिखूल हुतोय. खुरं कुजत्यात. मेंढरू लंगडलं की चरत न्हाय, न चरलं की मरतंय. माळावर मुरूम हाय, पानी थांबत न्हाय. मिरगापास्नं दसऱ्यापतूर आमी तितंच. माजा आजाबी तितंच हुता."

मग दगडांचे त्याने सांगितले. माळढोक उघड्या जमिनीवर अंडे घालतो, एकच. कळपाच्या वाटेत असे अंडे दिसले की त्याचे लोक भोवती मुठीएवढे दगड मांडतात, माळावरचेच आणि मोकळे मोकळे, म्हणजे कोल्ह्याच्या नजरेत भरत नाहीत आणि पिलाला बाहेर पडता येते. पुढचे मेंढरू दगड पाहून वळते, मागची सगळी त्याच्या मागे वळतात. "आन् पाखरू आमच्या मागनंच फिरतंय की. मेंढरं चालली की किडं उडत्यात, ते टिपतंय. गवात बारीक असलं तरच ते ऱ्हातंय. वाढलं की गेलं."

रेंजरच्या कचेरीत कपाटावर एक माळढोक उभा होता, पेंढा भरलेला. "माझ्याच बंदुकीचा," रेंजर म्हणाले. "आता किती दुर्मिळ झालाय! म्हणून तर हे रक्षणाचं काम हाती घेतलं." असे लहान गुन्हे त्यांना कचेरीतच निकालात काढता येत.

कारकुनाने पंचनामा वाचला : मौजे अमुक येथील राखीव क्षेत्रात दगडी वर्तुळे तीन आढळली. जंगल-शिपायाने ती उधळून लावली. पैकी एका वर्तुळाच्या मध्यभागी अंडे एक, फुटलेले.

"हे दगड कोणी मांडले?"

"म्या."

"कशासाठी?"

"अंडं हुतं की."

"कोणाचं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "ह्यो कपाटावर हुबा हाय न्हवं, त्येच्या मालकिनीचं."

कारकुनाला खोकला आला. रेंजरनी दुसऱ्या दोन वर्तुळांची चौकशी केली.

"ती टिटवीची. टिटवी काय परकी हाय व्हय?"

शिपायाला पुढे बोलावले. तो सावधान उभा राहून म्हणाला, "मला वाटलं शेताची हद्द, साहेब. म्हणून लाथेनं मोडली."

"परातीएवढी हद्द?" म्हातारा त्याच्याकडे वळला. "परातीत मी काय जुंधळा पेरनार हुतो, लेका?"

"अतिक्रमण नेहमी लहानच सुरू होतं," रेंजर म्हणाले. हे वाक्य त्यांना आवडले असावे, कारण त्यांनी ते कारकुनाला लिहून घ्यायला सांगितले. मग खोडायलाही सांगितले, कारण दुसरा आरोप त्यांनी रद्द केला. शिपायाचा पाय नेमका कुठे पडला होता ते कोणी विचारले नाही. पंचनाम्यातल्या 'फुटलेले' या शब्दात ते बसले होते.

पहिला आरोप मात्र राहिला. मेंढरे सोडून देण्यात आली आणि माळ बंदच राहिला. भावकीला माळ कायमचा बंद झाला नाही. दरसाल नव्याने बंद होणार होता.

दाराशी जाऊन म्हातारा थांबला. "मंग आता अंड्याभवती दगूड कोन ठिवनार?"

"खातं ठेवील," रेंजर म्हणाले.

मी सगळे लिहून दिले. आमच्या संपादकांनी त्याला 'मेंढपाळाचे पक्षिप्रेम' असा मथळा दिला आणि जागेअभावी शेवटचा परिच्छेद काढला. त्यात पाखरू कळपामागे फिरते आणि गवत वाढले की जाते, एवढेच होते. बातमी लोकांना फार आवडली. पुण्याच्या कोणा वरिष्ठ अधिकाऱ्यालाही आवडली, आणि तिच्या आधारे खात्याने एक योजना केली.

पुढच्या पावसाळ्यात ती पाहायला मी माळावर गेलो. गवत छातीपर्यंत आले होते. त्यात जागोजागी, तेवढेच गवत उपटून, दोरी लावून आखलेली दगडी वर्तुळे होती, सगळी एका मापाची. दगडांना चुना दिला होता आणि प्रत्येक वर्तुळाला क्रमांक होता. तोच शिपाई तिथे होता. चुना त्यानेच दिला होता.

"अंडी?" मी विचारले.

"अजून न्हाईत."

"पक्षी?"

"यायला पायजेत," तो म्हणाला. "हुकूम हाय की."

एका पांढऱ्या दगडावर घार बसली होती. योजनेचा फायदा तेवढा तिला कळला होता.

म्हातारा मला दोन कोसांवर सापडला, काळ्या रानात. निम्मा कळप लंगडत होता. एक मेंढी आडवी पाडून तो तिच्या खुरांत वाटलेला कडुलिंबाचा पाला भरत होता. बांधापलीकडे काही कातडी वाळत घातली होती.

"हिकडं या," हात पुसत तो म्हणाला. कळपाच्या मागे, पडीक तुकड्यावर, माळढोक उभा होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर चिखलाने भरलेले दगड होते, मोकळे मोकळे मांडलेले.

"माळ सोडून आलाय," म्हातारा म्हणाला. "आमच्यासंगं."

मी वही काढली. त्याने माझा हात धरला.

"पेपरात लिवू नगा."

"का, बाबा? चांगली गोष्ट आहे."

"मागं लिवली ती बी चांगलीच हुती. लिवलं की हितं बी मनाईची फळी लागंल. मंग आमी कुटं जायाचं? आन् ह्येनं कुटं जायाचं?"

त्या आठवड्याच्या अंकात मी चुन्याच्या दगडांची बातमी दिली. मापे, क्रमांक, रंग, सर्व अचूक. संपादकांनी एक अक्षर काढले नाही. नंतर रेंजर भेटले तेव्हा खूश होते. "माळढोक दिसला का कुठं?" त्यांनी विचारले.

"तुमच्या कपाटावर," मी म्हणालो. ते हसले.

दसऱ्यानंतर मी त्या पडिकाकडे पुन्हा गेलो. कळप नव्हता. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितले, निम्म्याहून जास्त मेंढरे दगावली, उरलेली घेऊन म्हातारा अक्कलकोटच्याही पलीकडे, कानडी मुलखात गेला. आता हिकडं येणार न्हाय म्हणाला. पाखराचे शेतकऱ्याला काही ठाऊक नव्हते.

दगड मात्र जागच्या जागी होते, आणि आत कवचाचे तुकडे. कडा आतून बाहेर फुटलेल्या होत्या, म्हणजे पिलू निघून गेले होते. मी इकडेतिकडे पाहिले, दगड एकेक करून उचलले आणि लांब लांब टाकून दिले. कोणी पंचनामा करू नये म्हणून.