नवी कलांद्रिया

सेवेरो काकांनी जन्मभर आमच्या ओरुरो शहरात टॅक्सी चालवली, आणि ती एकच. कलांद्रिया. कंपनीनं ती गाडी बंद केली तेव्हा त्यांचा पोरगा विल्मर शाळेतसुद्धा जात नव्हता. मग पार्ट मिळेनात, तर काका भंगारातून हुडकून आणायचे. बासिलिया काकू म्हणायची, माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी केली असती तर कार्निव्हलात नाचले असते मी. पुढं विल्मरनं विका विका लावलं. काका म्हणायचे, ही गेली की त्या नावाचं कोण राहिलं? कशी विकू?

आणि मग कंपनीनंच ते नाव परत काढलं. नवी कलांद्रिया. चौकात हा मोठा बोर्ड. विल्मर म्हणाला, झालं ना बाबा, नाव राहिलं, आता तरी जुनी सोडा. काका म्हणाले, आधी बघू तरी दे नाव कुणाला दिलंय.

तोवर त्यांची छाती पार गेली होती. शोरूमच्या दोन पायऱ्या चढताना काकूचा खांदा धरावा लागला. आत जाऊन बसले गाडीत. काच खाली करायला दांडा शोधत राहिले, दांडाच नाही. बॉनेट उघडायला लावलं, तर इंजिन दिसेचना, वर नुसतं झाकण.  गाडीतनं बाहेर आले, खिशातनं बाटली काढली, आणि चारी चाकांना दारू शिंपडली, आपण नव्या गाडीला शिंपडतो तशी, भुईआईचं नाव घेत. चकचकीत फरशीवर.

विल्मरनं डोक्याला हात लावला. काउंटरवरची पोरगी पण आपल्यातलीच. ती धावत आली, म्हणाली, "आजोबा, शिंपलंत म्हणजे गाडी तुमची झाली. आता दुसऱ्या कुणाला कशी विकू मी?"

"माझी नाही गं बाय," काका म्हणाले. "नाव जुनं आहे, तोंड नवं. भुईआईनं ओळखायचं कसं? कुणीतरी सांगायला नको?"

 पोरीनं फडकं आणलं आणि स्वतःच पुसायला बसली. गाडीच्या आधी काकांचे बूट पुसले.

घरी येताना काका विल्मरला म्हणाले, ने ती जुनी, विकून टाक.

गाडी न्यायला माणूस पहाटेच आला. ओरुरोची थंडी, गाडी काय लगेच चालू होतेय? तो नुसता चावी मारत होता, मारत होता. खोकून खोकून बंद पडायची. काकू चुलीपाशी बसून ऐकत होती. कुणी असली चावी मारलेली काकांनी कधी खपवून घेतली नव्हती. जेवणावरनं उठून जायचे, शिव्या देत, परक्याच्या गाडीसाठीसुद्धा. तिला वाटलं, आता उठतील. मग उठतील.

काका भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. डोळे उघडे होते.

गाडी शेवटी चालू झाली, गेली. काकूनं चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. त्यानंतर ते खाटेवरनं उठलेच नाहीत.