डाव्या बाजूची सीट

अगं ये, जरा जवळ सरक. लांबून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. आणि आधी तो कान दे इकडे, धरायचाच आहे. काकांच्या गाडीचा फोटो पाठवला तर तू काय केलंस? एक अंगठा पाठवलास! माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, दर मे महिन्यात त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून चिक्की खायचीस. अर्धी तोंडात, अर्धी सीटला. ती मी चमच्याने खरवडून काढायची. आणि आता अंगठा! वर विचारतेस, "मावशी, गाडी झकास आहे गं, काका तुला फिरवतात की नाही?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर टाईप करायला माझी बोटं पुरायची नाहीत. म्हणून वही काढली. तू समोर बसली आहेस असंच धरून लिहिते. मध्ये बोलू नकोस.

तुझे काका भांडुपच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभे राहिले. मशीनवरच्या माणसाला बोलायची सवय राहत नाही बघ. घरी आले की हात धुणार, चहा पिणार, पेपर उघडणार. मी दहा वाक्यं बोलले की त्यांचं एक "हं". माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "तुमचं कसं चालतं हो? तुम्ही रेडिओ, ते भिंत." मी हसायची. त्यांना ठाऊक नव्हतं की ही भिंत बोलते. फक्त गाडीत बोलते.

खरंच सांगते. स्टिअरिंगवर हात पडला की या माणसाचं तोंड सुटायचं. आपली ती पांढरी, डब्यासारखी चौकोनी गाडी, सेकंड हँड घेतलेली, आठवते ना? रविवारी सकाळी मुलुंडहून निघायचं, कधी पवईच्या तलावापर्यंत, कधी घोडबंदरला. मी डाव्या बाजूला. ते रस्त्याकडे बघणार आणि बोलणार. फोरमनशी झालेलं भांडण, लहानपणीची भीती, आम्हाला मूल झालं नाही त्याचं दुःख. हो, तेसुद्धा मी पहिल्यांदा गाडीतच ऐकलं, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, ऐरोलीच्या पुलावर. समोर बघायचं असलं की पुरुषांना बोलता येतं, असं माझं मत झालंय. तर माझा संसार त्या डाव्या सीटवर झाला असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून मी त्यांच्या रिटायरमेंटची वाट बघत होते. म्हटलं, आता रोज रविवार.

पहिला महिना ते घरात नुसते बसले. दुसऱ्या महिन्यात हत्यारांच्या पेटीच्या तळातून एक कागद काढला. मासिकातलं पान, घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेलं. लग्नाच्या आधी घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेलं म्हणे. त्यावर एक जपानी गाडी, शर्यतीतली. जुनी, चौकोनी, चंदेरी, नाकावर लाल पट्टा, चारही चाकांवर फुगवटे, आणि आरसे दारावर नाहीत तर पार पुढे, बॉनेटच्या कडेला, मुंगीच्या मिशांसारखे.

"ही बनवायची," म्हणाले.

"कशाची?"

"आपल्या गाडीची. ठेवण सारखीच आहे बघ. आणि जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असतं."

एवढं लांब वाक्य त्यांनी घरात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी काय नाही म्हणणार?

भांडुपला एका जुन्या सोबत्याचा गाळा रिकामा होता, तिथे गाडी गेली. आणि काका पुन्हा कामाला लागले बघ. सकाळी डबा घेऊन जाणार, संध्याकाळी ग्रीसचे हात घेऊन येणार. रिटायर झालेला नवरा मला जेमतेम चाळीस दिवस मिळाला. तीन वर्षं हे चाललं. चाकांवरचे फुगवटे स्वतः पत्रा ठोकून केले. चार वेळा केले. पहिले तीन त्या कागदातल्या फोटोसारखे गोल आले नाहीत म्हणून मोडून टाकले. मी घरात कुकरशी बोलायला लागले. शिट्टी झाली की म्हणायची, "हो हो, ऐकलं." तेवढाच संवाद.

एक दिवस दुपारी खाली टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने आणि त्यांनी मिळून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी वर आणलं. चादर काढली तर सीट. माझी.

"ही इथे कशाला?"

"गॅलरीत ठेवू. फेकवत नाही."

"अहो पण गाडीत?"

"रेसच्या गाडीत एकच सीट असते. बाकी सगळं काढतात. वजन कमी करायचं असतं."

"तुम्ही तर म्हणत होता ही टूरिंगच्या रेसची गाडी आहे. टूरिंग म्हणजे फिरायचं ना?"

मग त्यांनी समजावलं. टूरिंगची रेस म्हणजे घरच्या माणसांनी विकत घ्यायच्या गाड्या असतात ना, चार दारांच्या, साध्या, त्याच शर्यतीला तयार करतात. वेगळी विमानासारखी गाडी नसते ती.

"म्हणजे घरचीच गाडी," मी म्हटलं, "आणि घरची माणसंच उतरवायची."

"अगं, वजन..."

"किती आहे हो माझं वजन? बासष्ट!"

"चौसष्ट," ते म्हणाले. "परवा डॉक्टरकडे चौसष्ट भरलं."

आम्ही दोघंही हसलो. टेम्पोवालाही हसला. सीट गॅलरीत तुळशीशेजारी गेली. मी आत येऊन भाजी निवडायला बसले, आणि मेथीच्या काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकली. सगळी जुडी. पुन्हा निवडावी लागली.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? तू म्हणशील, मावशी, तू तर भाजीवाल्याला सोडत नाहीस. पण बोलायचं काय? की मला तुमच्याशी बोलायला जागा हवी? साठी उलटलेल्या बाईने? जीभच रेटली नाही गं.

पुढे त्यांनी त्यांच्या सीटचं कव्हर माझ्याकडून शिवून घेतलं. काळं जाड रेक्झिन, माझ्या मशीनने तीन सुया मोडल्या. ती रेसची सीट अंगाला चेपून बसते, म्हणून मापं घ्यायची होती. टेप घेऊन त्यांच्या पाठीला लावला तर खांदे दोन इंचांनी उतरलेले. किती वर्षांनी त्यांच्या पाठीला असा हात लावत होते मी. "श्वास सोडा," म्हटलं, "पोट आत घेऊन बसणार आहात का शर्यतीत?" त्यांनी सोडला. मी मापं खडूने फरशीवरच लिहिली.

गाडी तयार झाली तो रविवार. औद्योगिक वसाहतीत रविवारी चिटपाखरू नसतं, सगळी शटरं बंद. मी पूजेचं सामान घेऊन गेले. आणि काय सांगू, देखणी होती गं! तीन वर्षं मी मनात जिला शिव्या दिल्या ती सवत अशी चंदेरी चमकत उभी. आत फक्त पत्रा आणि पाईपचा पिंजरा. गाडी उलटली तरी छप्पर चेपू नये म्हणून असतो तो. माझ्या सीटच्या जागेतून एक आडवा पाईप गेलेला. मी पाटावर ताट ठेवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. ते आत बसले. गाडी सुरू झाली तेव्हा मी दोन पावलं मागेच सरले, असा आवाज!

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले. थांबले. आणि मग बघ हं, त्यांनी वाकून डावं दार आतून उघडलं. आपलं ते दार बाहेरून अडकायचं, म्हणून वर्षानुवर्षं ते तसंच उघडून द्यायचे मला. हाताने सवयीने उघडलं. आणि मग त्यांचं लक्ष गेलं की आत बसायला काही नाहीच. माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी ते रिटायर झाले त्या दिवशीही पाहिला नव्हता.

मी काय करावं? पाटावरचं ताट खाली ठेवलं, पाट उचलला, गाडीत पत्र्यावर टाकला, साडी गुडघ्यापर्यंत वर धरली आणि त्या पिंजऱ्यातून पाय टाकून बसले. पाठीला आडवा पाईप. काचेतून मला रस्ता दिसतच नव्हता. नुसतं आभाळ, वायरी, आणि गाळ्यांवरच्या पाट्यांची टोकं.

निघालो. आणि तुझे काका बोलायला लागले!

समोर बघत, पूर्वीसारखे. ओठ हलत होते, एकदा हात हलवला, एकदा हसले, मग बराच वेळ गंभीरपणे काहीतरी सांगितलं. आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आतलं सगळं अस्तर काढलेलं, सायलेन्सर नावाला, पत्रा नुसता थडथडत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, ओरडून सांगावं, ऐकू येत नाही हो! पण तीन वर्षांनी सुटलेलं तोंड. मी म्हटलं तर पुन्हा मिटेल. मग मी मान हलवत राहिले. हं. हं. हो ना.

गाळ्यापाशी येऊन इंजिन बंद केलं. कानात शिट्टी वाजत होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मग? ठरलं ना?"

"ठरलं की!" मी म्हटलं.

काय ठरलं ते मला महिन्याभराने कळलं.

ती गाडी रस्त्यावर चालवत नाहीत. रविवारी कुठेकुठे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे ट्रकवर चढवून नेतात. काका पुढे, ट्रकवाल्याच्या डाव्या बाजूला. त्या ट्रकवाल्याशी रस्ताभर बोलत जातात, तोच मला सांगत होता, "काकांकडे लई गोष्टी आहेत हो काकू." एकदा मी रिक्षा करून मागे गेले. रिक्षावाला म्हणाला, "काय मावशी, ट्रकचा पाठलाग?" मी म्हटलं, "नवरा आहे माझा त्यात." "मग सोडायचाच नाही," म्हणाला आणि अशी हाणली की माझी वाट लागली. पण तिथे जाऊन काय केलं? दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. कोणीतरी म्हणालं, "काकू, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." पुन्हा गेले नाही.

तर महिन्याभराने, एका शनिवारी, ते उद्याची पिशवी भरत होते आणि मी धीर करून म्हटलंच, "अहो, ती माझी सीट परत बसवता नाही का येणार?"

ते थांबले. "अगं, विचारलं होतं ना तुला. त्या दिवशी गाडीत. म्हटलं, चुकलंच माझं, मला सुचलं कसं नाही. तो पाईप कापतो, तुझी सीट बसवतो, मग गाडी त्या फोटोसारखी तंतोतंत राहणार नाही, नाही तर नाही. की राहू दे अशीच? तू राहू दे म्हणालीस. मान हलवलीस. ठरलं म्हणालीस."

बघ. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि मला ऐकू आली नाही.

"आताही कापतो," ते म्हणाले. "सांग."

त्यांचे हात पिशवीवर होते. करवत लावायची म्हणजे त्या हातांची तीन वर्षं कापायची. मी म्हटलं, "छे हो, म्हणाले होते खरी. विसरले. राहू दे." त्यांनी पिशवीची चेन लावली. तेव्हा काय काय बोललात ते पुन्हा सांगा, असं काही मी म्हटलं नाही. घरात कुठे सांगणार होते ते.

हे तू त्यांना बोलायचं नाहीस. फक्त तुला सांगितलं.

रविवारी ते सातला निघतात ते दिवेलागणीला येतात. मी गॅलरीत त्या सीटवर बसून वाटाणे सोलते, ब्लाउजांना काजं करते, खालच्या मजल्यावरच्या बाईला हाक मारते तर ती मुलीकडे गेलेली असते. दुपार फार लांब असते गं. येत्या रविवारी ये ना. अंगठा नको, तू ये. साडेसातची आलीस तरी चालेल, मी पोहे करून ठेवते.