खाल्लेल्याला नाही म्हणायचं नाही

२१ ऑगस्ट २०२१, शनिवार. रश्श्यासाठी कांदे भाजायला घेतले होते. इथे परदेशात, पेंडल हिल नावाच्या उपनगरात स्टेशनजवळ माझी छोटी खानावळ आहे. तेव्हा लॉकडाऊनमुळे आतली टेबलं भिंतीला लावून ठेवली होती आणि सगळा धंदा पुढच्या खिडकीतून चालायचा. त्या खिडकीशी पास्कूअंकल येऊन उभे राहिले आणि मास्कमधून ओरडले, "बाय, जेवलीस का?" सकाळचे जेमतेम अकरा वाजले होते.

हा प्रश्न त्यांनी मला एकटीलाच विचारला असता, तर मी ती माया वगैरे समजले असते. पण ते सगळ्यांना विचारायचे. अंकल ॲपवर गाडी चालवायचे. वेस्टमीडच्या हॉस्पिटलांतून बाहेर पडलेला प्रवासी मागे येऊन बसला, की बाकीचे ड्रायव्हर दिवस कसा गेला ते विचारतात. हे विचारायचे, "हॅव यू ईटन?" मग ती शिफ्ट संपवून आलेली नर्स असो, लॅबमधला माणूस असो, की आपलं कोणी आत सोडून एकटाच घरी निघालेला नातेवाईक असो. 'नाही' म्हणाला की तो सापडला. प्लॅस्टिकच्या पडद्याच्या अलीकडून, खिडक्या सताड उघड्या टाकून, कुठे काय खावं याचं व्याख्यान सुरू.

पास्कूअंकल वसईचे ख्रिस्ती. तिकडे भिवंडीत यंत्रमाग दुरुस्त करायचे. चाळिशी उलटल्यावर बायकोसह इथे आले, एका कारखान्यात लागले आणि तो बंद पडल्यावर गाडी घेतली. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. त्यांचं गुपितसुद्धा पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जायचं. त्यामुळे पुढे त्यांच्यावर चोरून काही केल्याचा आरोप झाला, तेव्हा मला हसूच आलं.

त्यांच्या शिफारशीला नेहमी एक शेपूट असायचं. "तिकडचा डोसा खा, सांबाराला हात लावू नको." "त्या लेबनीज माणसाचं चिकन एक नंबर. लोणचं मात्र त्याच्या सासूचं आहे, ते परत दे." नुसती स्तुती त्यांना जमायची नाही. माझ्याकडे त्यांनी पाठवलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक पंजाबी नर्स. मटणाचा रस्सा आणि भाकरी घेतली. मी विचारलं, "चाय दूँ?" ती दोन पावलं मागे सरली. "नहीं आंटी, अंकलने बोला है, चाय मत लेना."

मी साताऱ्याची. माझा चहा दाट आणि गोड असतो आणि ज्याला तो नको असेल त्याने पाणी प्यावं. संध्याकाळी अंकल गाडी घेऊन आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "बाय, तो चहा नाही, ती खीर आहे. मी लोकांना सांगणार." त्यांनी सांगितलं आणि मी चहा बदलला नाही. आमची ओळख अशी झाली.

२०२० मध्ये पहिल्यांदा सगळं बंद झालं तेव्हा माझी खानावळ जवळजवळ गेलीच होती. बसून जेवायचं गिऱ्हाईक संपलं. ज्या मंडळींच्या घरच्या बारशांना मी जेवण पुरवलं होतं, ती घरी पाव भाजून त्याचे फोटो टाकण्यात गुंतली. तेव्हा अंकलच्या गाडीतून फोन यायचे. "दोन रस्से, चार भाकऱ्या, गाडी येतेय." वेस्टमीडहून क्वेकर्स हिलला निघालेली नर्स वाटेत खिडकीतून डबा उचलून पुढे जायची. तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचं त्राण नसायचं आणि मला गिऱ्हाईक नसायचं. दोघींची गाठ त्या माणसाने घालून दिली. उपकार वगैरे शब्द मी वापरत नाही. पण ज्याच्यामुळे चूल पेटती राहिली, त्याला त्या चुलीवरचं खायला घालायचं, एवढं मला कळतं.

म्हणून मी त्यांना रोजचा डबा सुरू केला. मला वाटलं होतं, नको-नको करतील आणि मला आग्रह करावा लागेल. तसलं काही झालं नाही. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "उशीरच केलास." मग गाडीत बसून कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि जेवले. शुक्रवारी मात्र ते मटण खायचे नाहीत. त्या दिवशी पिठलं. शुक्रवारच्या प्रवाशांना ते सांगायचे, "आज मी मटणाचं नाव काढत नाही, तुम्ही खा."

डबा सुरू झाला तरी चहाची बदनामी थांबली नाही. मी एकदा खिडकीतून विचारलंच, "अंकल, माझंच खाता आणि माझ्याच चहाला नावं ठेवता? खाल्ल्या मिठाला जागायचं असतं ना?"

"जागतोय म्हणूनच," ते म्हणाले. "फुकटचं खाऊन वर खोटं बोललो, तर अंगी लागेल का ते? आणि मी रोज खातो हे पण सगळ्यांना सांगतो. विचार कोणालाही."

खरं होतं. एक नर्स मला म्हणाली होती, "अंकल म्हणतात, ही बाई मला फुकट जेवायला घालते, ते धरून ऐका." सांगून टाकायचं आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडायचं, असा त्यांचा हिशेब होता.

मग मेन रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या मालकाने ड्रायव्हरांसाठी कार्डं छापली. प्रवाशाने कार्ड दाखवलं की ड्रायव्हरला बिर्याणी. अट एवढीच, की गाडीत दुसऱ्या कुठल्या जागेचं नाव काढायचं नाही. अंकलनाही बोलावणं आलं. ते गेले, पोटभर जेवले, कार्डं तिथेच ठेवून आले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रवाशांना सांगू लागले, "बिर्याणी मोठी आहे. चांगली आहे असं मी म्हटलं नाही." मालकाने त्यांना रस्त्यात अडवून विचारलं म्हणे, "अरे भाई, खाया तो तुमने भी!" अंकल म्हणाले, "इसी लिये तो मालूम है."

त्यानंतर आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू झाली. ड्रायव्हरने हॉटेलवाल्यांकडून असं काही घ्यावं का? आमच्यातली वर्षा एका बँकेत घरकर्जाच्या विभागात आहे. तिने लिहिलं, हे अनएथिकल आहे, प्रवाशाचा विश्वास विकण्यासारखं आहे, आणि पेंडल हिलमधली एक खानावळ हेच गेलं वर्षभर करते आहे. नाव घेतलं नव्हतं. पेंडल हिलमध्ये मराठी खानावळ एकच आहे.

मी कांदा चिरायची सुरी खाली ठेवली आणि फोन लावला.

"वर्षा, तुझ्याकडे ब्रोकर गिऱ्हाईक आणतात, त्यांना बँक काही देते की नाही?"

"ते वेगळं गं. ते डिक्लेअर केलेलं असतं."

"हा माणूस गाडीत ओरडून डिक्लेअर करतो. तुमच्यासारखं बारीक अक्षरात नाही."

"तू पर्सनली घेऊ नकोस."

"नाव न घेता लिहिलंस, मग घेऊ कशी? घर विकणाऱ्याला चालतं, कर्ज मिळवून देणाऱ्याला चालतं, डॉक्टरांच्या परिषदेचं जेवण औषधवाल्यांनी दिलेलं चालतं. तुम्हा सगळ्यांची नीती नेमकी ड्रायव्हरच्या वरणभातालाच कशी आडवी येते?"

ती म्हणाली, "यू आर बीइंग डिफेन्सिव्ह." मी म्हटलं, हो आहे. आणि फोन ठेवला.

माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. गाडीवाला गिऱ्हाईक आणतो, तर त्याला खायला मिळालं पाहिजे. भीक म्हणून नाही आणि तोंड बंद ठेवायची किंमत म्हणूनही नाही. त्याच्या जिभेला चव आहे, ती तो लोकांसाठी वापरतो, हे काम आहे. लाच कुठे सुरू होते ते मला चांगलं कळतं. ती जेवणात नसते, त्या मालकाच्या अटीत होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला कोणीतरी ॲपवाल्यांकडे तक्रार केली, की हा ड्रायव्हर फुकट जेवणाच्या बदल्यात प्रवाशांना एका खानावळीत पाठवतो. कोणी केली ते मला ठाऊक नाही आणि मी शोधत बसले नाही. अंकलचं खातं थांबवलं गेलं आणि त्यांना फोनवर लेखी विचारणा झाली. अंकल फोन घेऊन माझ्याकडे आले. प्रश्न सरळ होता. कुठल्या खाण्याच्या जागेकडून तुम्ही काही घेता का? नाही म्हटलं तर खातं पुन्हा सुरू व्हायची शक्यता होती. हो म्हटलं तर बंद. त्यांची बायको वृद्धाश्रमात कामाला, तिची शिफ्ट कधी असायची, कधी नसायची. घरभाडं या गाडीवर चालत होतं.

मी म्हटलं, "'नाही' असं लिहा. आजपासून डबा बंद करते, म्हणजे खोटंही होणार नाही."

"आणि कालपर्यंतचं?"

"कालपर्यंतचं पोटात गेलं. त्याचा पुरावा आहे का कोणाकडे?"

"माझ्याकडे आहे," ते पोटावर हात ठेवून म्हणाले. मी हसले नाही.

"अंकल, ही चेष्टेची वेळ नाही. ते लोक तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांना एक शब्द हवा आहे, तो द्या आणि गाडी सुरू करा. मोठमोठी माणसं मोठमोठ्या गोष्टी खाऊन 'नाही' म्हणतात."

"ती म्हणोत. बाय, आमच्याकडे जेवलेल्या घराला 'जेवलो नाही' म्हणत नाहीत. माझ्या आईने त्यासाठी मला मारलं होतं. शेजारी जेवून आलो आणि घरी परत मासे मिळतील म्हणून उपाशी आहे म्हणालो. तिला जेवढा राग खोट्याचा आला नाही, तेवढा शेजारणीच्या हातचं नाकारल्याचा आला."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. रागावलेसुद्धा. ते खिडकीपाशी उभे राहून एका बोटाने उत्तर लिहीत होते आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. हो. रोज. शुक्रवारी पिठलं. पाठवून दिलं आणि म्हणाले, "झालं. आता आजचा डबा दे."

खातं कायमचं बंद झालं.

मी त्यांना तेव्हा दिलेला सल्ला आजही देईन. व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. पण त्यांनी तो मानला नाही, म्हणून त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभी राहणार नाही. वर्षाने ग्रुपवर लिहिलं, 'सॅड, बट रूल्स आर रूल्स.' मी लिहिलं, 'नियम त्याने मोडला, लपवला नाही. आपल्यापैकी किती जणांना हे जमतं?' मग कोणीतरी केकचा फोटो टाकला.

तर त्या शनिवारी सकाळी ते आले ते निरोप घ्यायला. वागा वागा या लांबच्या गावाकडून भाजी आणणाऱ्या एका ट्रकवर काम मिळालं होतं. राहायचंही तिकडेच होतं. बायको नंतर जाणार होती. डबा धुऊन परत आणला होता. रिकामा. दुसऱ्याचं भांडं रिकामं न देता चिमूटभर साखर घालून परत करायची आपल्याकडची पद्धत त्यांनी पाळली नाही, ते मला बरं वाटलं. देवाणघेवाण आमची कधी तशी नव्हती.

"आता ट्रकमध्ये कोणाला विचारणार, जेवलात का?" मी म्हटलं.

"मागे कोबी असतो. त्याला विचारीन."

"तो काय म्हणेल?"

"म्हणेल, तू मलाच खातोस, वर विचारतोस?" आणि स्वतःच एवढ्या मोठ्याने हसले, की समोरच्या किराणा दुकानातला माणूस बाहेर आला.

मी तोच डबा घेतला, रस्सा भरला, भाकऱ्या कागदात गुंडाळल्या आणि खिडकीतून पुढे केला. त्यांनी लगेच हात लावला नाही.

"बाय, आता मी कोणाला तुझ्याकडे पाठवू शकत नाही. गाडी नाही, प्रवासी नाही. तरी देतेस?"

"गपचूप घ्या."

"नाही, विचारतो. कशासाठी देतेस?"

मला वळणदार बोलता येत नाही आणि मागे कांदे करपत होते. मी म्हटलं, "तुम्ही जेवला नाहीत म्हणून." त्यांनी डबा घेतला, खिडकीच्या चौकटीवर दोनदा थाप मारली आणि गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. कधीतरी वागा वागाहून फोन येतो, तिकडच्या एका चिनी हॉटेलातल्या सूपला नावं ठेवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापला आणि जाड पेनाने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं: 'गाडी चालवणाऱ्यांना इथे जेवण फुकट. आमचं नाव घ्यायची अट नाही. कोणी विचारलं, तर खाल्लं म्हणून सांगायचं.' तो खिडकीत बाहेरून दिसेल असा चिकटवला, त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. वर्षाने विचारलं, 'आर यू शुअर?' मी फोन बाजूला ठेवला, कारण तेवढ्यात एक नेपाळी ड्रायव्हर गाडी लावून पाटी वाचत उभा राहिला होता. त्याने दोनदा वाचलं.

"दीदी, पॅसेंजर को क्या बोलना है?"

"जैसा लगे, वैसा."

"खराब लगा तो?"

"तो खराब," मी म्हटलं आणि त्याच्यासाठी एका डब्यात भात वाढायला घेतला.