कुसुमला पुढे चालायचं होतं

मुलांनो, कुसुमआजी गेली, हे मी तुम्हाला फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं. मलाही ते तिच्या मुलाने तेवढंच सांगितलं होतं, आणि नंतर फोन हातात धरून मी तशीच उभी राहिले… आता काही आठवडे उलटले आहेत, तेव्हा नीट क्रमाने लिहिते. तुम्ही तिला पाहिलं ते म्हातारपणी, उन्हात तुरीच्या शेंगा सोलताना, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघताना. मी लग्न होऊन अनसिंगला आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लहानपणी मुदतीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले होते. बोलणं तेवढं शाबूत राहिलं होतं.

ही १९५०च्या दशकातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आजोबा, कुसुम आणि मी, आम्ही तिघांनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. आजोबांच्या एका मित्राकडे उतरायचं आणि एक पूर्ण दिवस डोंगराच्या कड्यावरून जाणाऱ्या पायवाटेने चालायचं. नागपूरला कॉलेजात शिकल्यामुळे मला सगळं आधी आखून ठेवायची सवय. भाकऱ्या किती, पाणी कशात, ऊन उतरायच्या आत परत कुठून फिरायचं, सगळं मी ओसरीवर बसून ठरवत होते. पण मित्राने पत्रात एक गोष्ट बजावली होती. ती वाट गवळ्यांचीही होती. ते म्हशी घेऊन त्याच वाटेने उतरत. गवळी वळणाच्या अलीकडे थांबून "होऽ" अशी हाक द्यायचा. पलीकडून "होऽ" आलं तर गवळी म्हशी रोखून धरायचा. उत्तर आलं नाही, तर वाट मोकळी समजून म्हशी सोडायचा. उतारावर सुटलेली म्हैस थांबत नाही, आणि एका बाजूला दरी.

म्हणून मी कुसुमला मधे ठेवलं. ती चिडलीच. "मी समोर चालीन. मांगं राह्यली का मले नुसत्या पाठी दिसतात. ऐकू त येतच नाई, दिसनंही गेलं का माह्यासाठी समदं बंद, वैनी."

शेवटी आजोबांनी तोड काढली. दोराचा फास तिच्या मनगटात, दुसरं टोक त्यांच्या हातात. हाक आली की ते एक हिसका देणार, ती डोंगराच्या अंगाला टेकून उभी राहणार. अंगणात सराव सुरू झाला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "माही पोरगी बैल हाय का रे? कासरा बांधून राह्यला तू तिले!" त्या म्हणाल्या. कुसुमने त्यांचे ओठ वाचले आणि मान हलवत बैलासारखी फुरफुरली. सगळे हसले, सासूबाई मात्र हसता हसता थांबल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, तिले काई झालं त मी पुन्हा तिले उंबऱ्याभाएर नाई जाऊ देनार. सांगून ठेवतो." ते बोलणं कुसुमने लांबूनच ओठांवरून वाचलं होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. आम्ही निघालो त्या सकाळी कड्यावर धुकं होतं. पुढे कुसुम, मग दोर धरून आजोबा, मग मी. आजोबा इतके घाबरले होते की पाखरू ओरडलं तरी हिसका द्यायचे. ती टेकून उभी राहायची, वळून बघायची, काही नाही. पुन्हा चालायची, पुन्हा हिसका. एका वळणावर ती धुक्यात दिसेनाशी झाली आणि तेवढ्यात पलीकडून हाक आली. आजोबांनी "होऽ" केलं, पण वारा समोरून होता. त्यांनी जोराने दोर ओढला.

दोर रिकामाच आला. फास जमिनीवरून घासत आला…

त्यांना बहिणीच्या नावाने ओरडताही येईना. ओरडून काय होणार होतं? पहिली म्हैस धुक्यातून बाहेर आली. आम्ही दोघं दरडीला पाठ लावून उभे राहिलो. काळी ओली अंगं एकामागून एक पोटाला घासून गेली. मी दरीकडे बघत नव्हते. दरीतून आवाज येतो का, ते ऐकत होते.

शेवटच्या म्हशीमागे गवळी आला, आणि त्याच्यामागून कुसुम. शिंगं दिसताच ती दरडीतल्या एका झाडाच्या मुळाला धरून वर चढून बसली होती. गवळी आमच्यावर खेकसला, "हाक देल्ली त जवाब काहून नाई? समदे बहिरे हा का?"

"मी एकटीच हाओ, दादा," कुसुम म्हणाली. मग भावाकडे वळली. "घडी घडी वढून राह्यला होता तू. मले समजेचना, खरं कोनतं. म्हून काढला."

आजोबा वाटेतच खाली बसले. दोर गुंडाळायला घेत, अर्ध्यात सोडत, पुन्हा घेत. मग कुसुमने खाली वाकून तो फास उचलला आणि आपल्या हाताने मनगटात घातला. "चाल," ती म्हणाली. परत येतानाही ती पुढेच होती. आजोबांनी पूर्ण वाटेत एकदाही हिसका दिला नाही.

घरी आम्ही हे कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा कुसुमनेच सांगितलं, "लय मस्त होतं, माय. म्हशी पाह्यल्या." पुढे तिला कुणी अडवलं नाही. चिखलदऱ्यालाही ती पुन्हा गेली, तिच्या मुलांना घेऊन.

आजोबा गेल्यावर ती दर हिवाळ्यात माझ्याकडे राहायला यायची. संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. ती अर्धं पाऊल पुढे, आणि माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत. रस्त्यावरचे लोक समजायचे, ऐकू येत नाही म्हणून बिचारी धरून चालते. गुडघे माझे गेले होते, मुलांनो, तिचे नाही. मी जरा अडखळले की पदर ताणायचा, आणि ती मागे न बघता थांबायची.

परवा मी एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. खड्ड्यापाशी पाय अडखळला. मी तशीच उभी राहिले, पुढे चालणारं कुणीतरी थांबेल म्हणून…