अस्वलाला उठवायचं की नाही

"वहिनी, चित्राला बोट लावलं की काहीतरी झालं पाहिजे. नाही झालं तर मुलांना वाटतं पुस्तक बिघडलं."

"होतंय की. कूस बदलतंय अस्वल."

"कूस बदलणं ही काय करमणूक झाली?"

"तुमच्या दादांना विचारा. सुट्टीच्या दुपारी त्यांना दुसरी कुठली करमणूक नसते."

आज रजेवर असलेले दादा आतल्या खोलीतून म्हणाले, "मी ऐकतोय हां."

"ऐका. पण घोरू नका, आमचं काम चाललंय."

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग भाऊजींच्या लॅपटॉपनं आणि वायरींनी अडवला होता, उरलेला अर्धा वहिनीच्या रंगांनी आणि जाड कागदातून कापलेल्या कानांनी. मधोमध टॅब. त्याच्यावर एक जाडजूड अस्वल निळ्या गोधडीत शिरून झोपलेलं.

पुस्तक होतं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी. पडद्यावरचं, हलतं-बोलतं. खिडकीला बोट लावलं की पडदा उडायचा, मांजरीला लावलं की ती आळस द्यायची, दिव्याला लावलं की तो मालवायचा. एकेका पानावर एकेक जण झोपी जात जात शेवटचं पान अस्वलाचं. भांडण त्या एका पानावरून होतं. भाऊजींच्या अस्वलाला हात लावला की ते गोधडी उडवून उभं राहायचं आणि ढोलाच्या तालावर नाचायचं. वहिनीचं अस्वल काही केल्या उठत नव्हतं.

सकाळीच संपादकबाईंचा फोन येऊन गेला होता. दोन अस्वलं चालणार नाहीत, संध्याकाळपर्यंत एक काय ते ठरवून पाठवा. नाही ठरलं तर आम्ही नाचणारं घेतो, मुलांना त्याची सवय आहे.

तेव्हापासून वहिनीनं चहाही धड घेतला नव्हता.

अस्वलाला उठू न देण्याचं तिचं कारण जुनं होतं. चौदा वर्षं ती लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात डोळे रंगवायची. बाकी अंगाला रंग देणाऱ्या दुसऱ्या बायका, वहिनीकडे फक्त डोळे. आधी काळा ठिपका, तो वाळला की त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा. दिवसाला दोनशे जोड्या. हत्ती, बदकं, शिपाई, सगळे तिच्या हाताखालून टक्क जागे होऊन बाहेर पडायचे. एकदा तिनं एका सशाचे डोळे मिटलेले काढले, दोन बारीक कमानी. संध्याकाळी मुकादम तो ससा परत घेऊन आला. "बाई, याचे डोळे राहिलेत." तिनं मुकाट्यानं कमानींवर ठिपके दिले.

पुढे कारखाना बंद झाला. भाऊजी तेव्हा लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. कुठलं बटण दाबलं की लिफ्टनं कुठं थांबायचं, हे. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काढा, मी हलवतो." दोन पुस्तकं झाली तशी, पण गोष्टी दुसऱ्यांच्या होत्या. ही तिसरी पहिल्या पानापासून तिची स्वतःची.

अस्वलासाठी तिनं काय काय केलं होतं. कान वेगळे, पापण्या वेगळ्या, पोट वेगळं, सगळं रंगवून कापून ठेवलेलं, म्हणजे भाऊजींना सुटं सुटं हलवता यावं. श्वास किती वेळानं घ्यायचा हे ठरवायला ती घड्याळ घेऊन दादांच्या उशाशी बसली होती. दादा मिनिटाला तेरा श्वास घेत होते, तेव्हा अस्वलही तेरा घेत होतं. घोरणंही दादांचंच. भाऊजींनी ते टेप केलं तेव्हा दादा म्हणाले, "हा माझा आवाज नाही." मग ऑफिसात चार जणांना ऐकवून आले.

"असं करू," भाऊजी म्हणाले, "दोन्ही घेऊन बालवर्गात जाऊ. मुलं सांगतील ते खरं. मग मात्र रुसायचं नाही."

"मी कधी रुसले?"

आतून दादा खोकले.

बालवर्ग गल्लीच्या टोकाला. तिथल्या बाईंनी सहा मुलांना सतरंजीवर गोल बसवलं आणि स्वतः कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. भाऊजींनी आधी आपलं अस्वल लावलं. एका मुलानं बोट लावलं, ढोल वाजला, अस्वल उडालं, आणि सहाच्या सहा मुलं किंचाळली. एक जण तर उठून नाचायला लागला. भाऊजींनी वहिनीकडे बघितलंसुद्धा नाही, इतके ते खूश होते. वहिनी पर्सच्या बंदाला गाठ मारत बसली.

तिसऱ्यांदा नाचून अस्वल पुन्हा आडवं झालं. तेव्हा पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी सरकत पुढे आली. तिनं टॅब मांडीवर घेतला आणि अस्वलाला थोपटायला लागली. बोटानं नाही, अख्ख्या तळव्यानं.

अस्वल उठलं आणि नाचलं.

तिनं पुन्हा थोपटलं. ते पुन्हा नाचलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "हे ऐकतच नाही," ती बाईंना म्हणाली. "दमलंय तरी नाचतंय."

"बघा," वहिनी म्हणाली. "आता माझं लावा."

भाऊजींनी तिचं लावलं. मुलगी थोपटायला लागली. थप, थप, थप. आणि प्रत्येक थापेला अस्वल कूस बदलायला लागलं. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, जसं काही गादीत ढेकूण झालेत. मुलं हसून हसून सतरंजीवर लोळली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिनं टॅब भाऊजींच्या हातात ठेवला. "हे पण बिघडलंय."

भाऊजींनी टॅब उलटसुलट करून बघितला.

"तुम्ही कधी थोपटून बघितलं होतं?" वहिनीनं विचारलं.

"मी? मी बोटानं. लिफ्टचं बटण दाबतात तसं. तुम्ही?"

"मी पण बोटानंच."

"घ्या. दोन महिने आपण दोघं एकेका बोटानं भांडलो."

बाईंना हसू आवरेना. "अहो, झोपलेल्याला काय बोटानं टोचतात होय? इथं दुपारी या, दाखवते."

भाऊजी मुलांच्या वीतभर खुर्चीवर बसले. गुडघे कानाशी, लॅपटॉप गुडघ्यांवर. वहिनी शेजारच्या खुर्चीवर.

"थोपटलं की उठायचं नाही. श्वास लांबवायचा," ती म्हणाली.

"किती?"

"थोडा थोडा."

"थोडा म्हणजे किती? त्याला आकडा लागतो, वहिनी. तुमच्या मनातलं त्याला कळत नाही."

"तुमच्या दादांना तरी कुठं कळतं. तेराचे बारा करा, मग अकरा. सातावर थांबवा. आणि मध्येच थोपटायचं थांबवलं तर एक डोळा किलकिला करायचा."

भाऊजींची बोटं थांबली. "एकच?"

"एकच. बघायला, की कोण आहे का गेलं."

"हे बरं आहे," भाऊजी हळूच म्हणाले आणि भराभरा टाइप करायला लागले. तेवढ्या वेळात मुलांनी डबे खाल्ले.

मग टॅब पुन्हा त्या मुलीच्या मांडीवर गेला. तिनं आधी संशयानं एकच थाप दिली. काही उडालं नाही. दुसरी. अस्वलाचं पोट सावकाश वर आलं, सावकाश खाली गेलं. ती थांबली, तसा एक डोळा उघडला. तिनं घाईघाईनं पुन्हा थोपटायला घेतलं. दादांचं घोरणं लांबत गेलं. बाकीची मुलं एकेक करून जवळ सरकली, कुणी कुणाला ढकललं नाही. शेवटी डोळा मिटला तो मिटला. दोन बारीक कमानी.

वहिनी बघत होती, पण तिचं लक्ष भाऊजींकडेही होतं. त्यांनी अजून हार मानली नव्हती.

"छान झालं," ते कुजबुजले. "पण शेवट आहे हा पुस्तकाचा. इथं एकदा उठवू. एकदाच, ढोल नको, नुसता नाच. मुलांनाच विचारतो."

"विचारा," वहिनी म्हणाली.

भाऊजी त्या मुलीसमोर उकिडवे बसले. "काय गं, आता याला उठवायचं का नाचायला?"

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग टॅब मांडीवरून अलगद सतरंजीवर ठेवला, डब्याचा रुमाल झटकून अस्वलाच्या गळ्यापर्यंत ओढला, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत दाराबाहेर निघून गेली.