विष लागलेली मुलगी

दुसरीच्या वर्गाला खेळाचे वेगळे सर मिळत नाहीत. इंदिरानगरच्या आमच्या शाळेत ते पाचवीपासून पुढे. खालच्या वर्गांचा खेळाचा तास वर्गशिक्षिकेनेच घ्यायचा. म्हणजे मी, गळ्यात शिट्टी आणि पायात चपला. सुरुवातीला मी सावधान-विश्राम, हात वर, हात खाली असं काहीबाही करून घेतलं. पोरं कंटाळली आणि माझंही डोकं उठलं. शेवटी म्हटलं, जा, खेळा काय खेळायचं ते. आणि पायरीवर बसून बघत राहिले. तेव्हापासून हा माझा सगळ्यात आवडता तास. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, आणि सात वर्षांची पोरं खेळताना जे कायदे काढतात ते ऐकण्यासारखे असतात.

त्यांचा लाडका खेळ विषामृत. ज्याच्यावर राज्य, तो बाकीच्यांच्या मागे पळतो. ज्याला हात लावेल त्याला विष. विष लागलं की जागच्या जागी उकिडवं बसायचं. दुसऱ्या कुणी येऊन ‘अमृत’ म्हणत हात लावला की सुटका. हे त्यांना शिकवलं कुणी? मी तर नाही. घरी विचारावं तर आया म्हणतात, आम्हीही नाही. तरी प्रत्येकाला नियम तोंडपाठ.

या सगळ्या धावपळीत एक बारकीशी मुलगी मैदानाच्या मधोमध एकटी बसलेली दिसायची. बाकीची तिला वळसा घालून पळायची. कुणी तिला सोडवायला येत नव्हतं. तास संपेपर्यंत ती तशीच. एकदा न राहवून मी जवळ गेले.

“दमलीस का गं?”

“नाही बाई. मला विष लागलंय.”

“कुणी दिलं?”

“कुणीच देत नाही,” ती म्हणाली. “मीच घेतलंय.”

मी चक्रावलेच. वर्गातला एक मुलगा सगळ्या खेळांचा पुढारी आहे, त्याला हाक मारली. तो धापा टाकत आला आणि मला काहीच कसं कळत नाही अशा सुरात म्हणाला, “बाई, ती कच्चा लिंबू आहे ना!”

कच्चा लिंबू म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. जो लहान, त्याला खेळात घ्यायचं पण बाद धरायचं नाही. ही मुलगी जूनमध्ये पडली होती, गुडघा चांगलाच फुटला होता. तेव्हा तिची आई वर्गात येऊन पोरांना म्हणाली होती, जपा रे तिला. पोरांनी ते मनावर घेतलं होतं.

“आणि तिने कुणाला अमृत दिलं तर?” मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. “लिंबाचं अमृत चालत नाही, बाई.”

मला राग आला, पण काढायचा कुणावर? पोरं बिचारी जिवापाड जपत होती तिला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी तिची आई भेटली. शहराबाहेर त्यांचा झेंडूचा मळा; पंचवटीत फुलं देऊन ती परस्पर लेकीला न्यायला येते. मी विषय काढला तशी तीच म्हणाली, “घरी बी अशीच बसती वो बाई. अंगणात, मधीच. ऊठ म्हटलं तर उठत नाय. म्हणती, आई, हात लाव. हात लावला का लगेच पळती. मला तर काय कळतच नाय हे काय खूळ हाय.”

मी तिला खेळ समजावून सांगितला, आणि पोरं तिच्या लेकीला कशी जपतात तेही. ती फुलांची रिकामी पाटी कमरेवर धरून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हंजी माझ्याबिगर तिला कोणी उठवीतच नाय?”

मी मान हलवली.

“पडू द्या तिला,” ती म्हणाली. “गुडघा फुटला तर फुटला. हळद हाय घरात.”

पुढच्या तासाला मी पोरांना गोल बसवून विचारलं, “हे लिंबू पिकणार कधी?” बरीच खळखळ झाली. पुढारी म्हणाला, “आम्ही तिच्या आईला कबूल केलंय.” मी म्हटलं, “आईनेच सोडलं तुम्हाला.” त्याने दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाला, “ठीक आहे. पण रडायचं नाही.”

राज्य एका उंच मुलीवर आलं. तिने पहिलं विष या बारकीलाच दिलं. बारकी बसली ती पाठ ताठ करून, चारीकडे बघत. पुढारी धावत आला, “अमृत!” म्हणून त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली, आणि वळतो न वळतो तोच उंच मुलीने त्यालाच गाठलं. तो धपकन खाली बसला.

बारकी उभी राहिली होती. एक पाऊल पुढे टाकून थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. चालेल का, एवढंच होतं त्या नजरेत. माझ्या तोंडात शिट्टी होती.

“अगं, बाईंकडे काय बघतेस?” तो खालून ओरडला. “मी इथे बसलोय ना! ये की लवकर!”

ती धावली. तिने हात लावला, आणि तो उठून पळत सुटला.