आबांची नांगराची निशाणी

माणूस जितका हट्टी, तितके त्याचे किस्से जास्त. देवगाव रंगारीच्या आबा पाटलांकडे मी पंधरा वर्षं मुन्शी होतो. निजामाच्या राज्यात कागद उर्दूत यायचे, आबांना फक्त मराठी वाचता यायचं, म्हणून माझी चूल पेटायची. घरी आलो की बायको आधी विचारायची, "आज काय केलं पाटलांनी?"

*

आबा जिल्ह्याच्या बोर्डाचे मेंबर, पण सही करत नसत. जुन्या पाटलांसारखा कागदावर छोटासा नांगर काढायचे. औरंगाबादेत बोर्डाचे प्रमुख तालुकदारसाहेब एकदा म्हणाले, "पाटील, आपको लिखना आता है, मग हे चित्र कशाला?"

"नाव माझ्या एकट्याचं हाय साहेब. नांगर बापाचा बी हाय, आज्याचा बी."

साहेबांनी त्या नांगराशेजारी शिक्का मारला.

*

बोर्डात नवीन काही आलं की आबांचा विरोध ठरलेला. एकदा ते तापानं घरीच राहिले, तर तिथल्या कारकुनानं सवयीनं लिहून टाकलं, 'पाटलांचा विरोध.' पुढच्या बैठकीला आबांनी त्याला गाठलं.

"विरोध बराबर हाय, पण म्या केला नव्हता. खोड ते."

त्यानं खोडलं. मग आबा उभे राहिले आणि त्यांनी रीतसर विरोध केला.

*

लोखंडी नांगरालाही त्यांनी बोर्डात तासभर विरोध केला होता. पुढच्या हंगामात तोच नांगर त्यांच्या वावरात चालताना मी पाहिला. मी काही बोलणार तोच आबा म्हणाले, "वावरातलं बोर्डात सांगायचं नाय."

*

मग गावात मुलींच्या शाळेचं निघालं. बारा मुलींच्या पालकांच्या सह्या असतील तरच अर्ज बोर्डापुढं जाणार होता. पहिली सही माझी, माझ्या नूरसाठी. महिनाभर दारोदार फिरून अकरा झाल्या. बारावी काही मिळेना, आणि बैठक दुसऱ्या दिवशी. माझा जीव त्या शाळेत अडकला होता. त्यात आबांचं शाळेविरुद्धचं भाषण उर्दूत मीच उतरवलं होतं. लिहिताना स्वतःची लाज वाटत होती, पण नोकरी होती.

वाचून दाखवल्याशिवाय आबा कशावरही निशाणी करत नसत. त्या सकाळी मी एकेक कागद वाचत गेलो, तर मधूनच तो अर्ज निघाला. घाईत मीच दप्तरात कोंबला होता. मी तो पटकन खाली सरकवला.

"त्यो राहिला," आबा म्हणाले.

"तो आपला नाही, आबा."

"वाच."

वाचला. अकराही नावं वाचली. माझं नाव वाचताना आवाज बारीक झाला.  आबांनी कागद ओढून घेतला, बोरू बुडवला आणि बाराव्या जागी सावकाश नांगर काढला.

"म्होरं आमच्या गोदीचं नाव लिही. नातीचं."

मी लिहिलं.  शाई वाळेपर्यंत आबा कागदाकडं बघत बसले. मग मांडी बदलून म्हणाले,

"आता उद्याचं विरोधाचं भाषण वाच."